पंधरा दिवसांची प्रायव्हेट लिमिटेड

आपण प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहोत, हे सोजरबाई ओव्हाळ यांना एका मंगळवारी सकाळी फोनवरून कळलं.

त्या तेव्हा कुरुळीच्या शेडमध्ये हातमोजे मोजत होत्या. चाकणच्या कारखान्यांत कामगार जे सुती हातमोजे घालतात, ते आठवड्याभरात तेला-ग्रीसनं काळे पडतात. नवे घ्यायचे तर जोडीला पंधरा-सोळा रुपये जातात, धुऊन घेतले तर तीन. या फरकावर सोजरबाईंचा धंदा उभा होता. नऊ वर्षांपूर्वी घरच्या मशिनवर सुरू केलेलं काम आता तीन मोठ्या मशिनींवर, पाच बायांना हाताशी धरून चाललं होतं.

"सोजर इंडस्ट्रियल केअर प्रायव्हेट लिमिटेड?" फोनवरून एका मुलीनं विचारलं.

"न्हाई बाई, राँग नंबर," म्हणत सोजरबाईंनी फोन ठेवला.

फोन पुन्हा वाजला. "मी निशिगंधा बोलतेय, म्हाळुंग्याहून, खरेदी विभाग. तुमचे मॅनेजिंग डायरेक्टर आमच्याकडे फॉर्म भरून गेलेत. सनी ओव्हाळ."

सोजरबाईंनी दारातून बाहेर पाहिलं. मॅनेजिंग डायरेक्टर नळाखाली बसून जुन्या टूथब्रशनं आपले पांढरे बूट घासत होते.

"आहेत, हितंच आहेत," त्या म्हणाल्या.

"आठवड्याला चार हजार जोड्या द्यायचा विचार आहे. रेटही ठीक वाटला. फक्त कंपनीचा नोंदणी क्रमांक राहिलाय. पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

चार हजार जोड्या म्हणजे आठवड्याला बारा हजार रुपये. सोजरबाईंनी आधी "पाठवते" म्हटलं आणि मग काय पाठवायचं ते सनीला विचारलं. सनीनं बूट घासायचं थांबवलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

संध्याकाळी पिंपळे गुरवच्या घरात सनीची चौकशी बसली. सनी सव्वीस वर्षांचा. सहा वर्षं तो आईचा छोटा हत्ती, म्हणजे मालाचा टेम्पो, चालवत होता. चौकशीला वडील भिवा होते. आकुर्डीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, त्यातली बारा वर्षं युनियनचे चिटणीस. आणि मोठी बहीण दीक्षा होती, जी आकुर्डीतच एका हिशेब तपासनिसाच्या ऑफिसात कामाला होती.

"फॉर्ममध्ये यादी होती," सनी म्हणाला. "मालकी, भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड. मी मालकीवरच बोट ठेवलं होतं. पण ती मॅडम समोर बसलेली. बोट आपोआप खाली सरकलं."

"आणि डायरेक्टर?" दीक्षानं विचारलं.

सनीनं बॅगेतून एक डबी काढली. आत तीनशे व्हिजिटिंग कार्डं होती. नाव सोनेरी अक्षरांत.

दीक्षानं एक कार्ड दिव्याकडे धरून वाचलं. तिला हसू आवरेना. "सनी, नोंदणी नसताना नावापुढं प्रायव्हेट लिमिटेड लावलं तर दंड असतो, माहितीये? आणि तो दिवसावर असतो."

"मग करू की नोंदणी! कितीशी लागते? ही बघ जाहिरात. सहा हजार नऊशे नव्याण्णव. दहा दिवसांत कंपनी हातात."

"खालची बारीक अक्षरं वाच. सरकारी खर्च वेगळा, डिजिटल सह्या वेगळ्या. आणि हा नुसता बाळंतपणाचा खर्च झाला. पोराला पोसायला दरवर्षी काय लागतं, ते जाहिरातवाला सांगत नसतो."

सोजरबाई उठल्या, कोपऱ्यातलं धुतलेल्या मोज्यांचं पोतं ओढून मधे आणलं आणि फरशीवर बसल्या. "कागदावरचं मला ध्यानात राहत न्हाई. एक मोजा म्हंजे हजार रुपये. सांग आता एकेक."

दीक्षा सांगत गेली आणि सोजरबाई मोजे मांडत गेल्या. जीएसटीची विवरणपत्रं सगळीकडे सारखीच, म्हणून ती सोडून दिली. आताची मालकी चालू ठेवली तर नवा खर्च काही नाही, वर्षाला आयकराच्या विवरणपत्राचे चार हजार. चार मोजे. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी केली, तर दोघांच्या डिजिटल सह्या, नावाची मंजुरी, करारनाम्याचा स्टॅम्प आणि ऑफिसची फी धरून सुरुवातीला दहा, पुढं दरवर्षी बारा. प्रायव्हेट लिमिटेडला सुरुवातीला पंधरा.

"बघ, एलएलपीपेक्षा फक्त पाच जास्त!" सनी म्हणाला.

"आता दरवर्षीचं," दीक्षा म्हणाली. "धंदा एक रुपयाचा असो की कोटीचा, ऑडिट करावंच लागतं. ताळेबंदाचा एक फॉर्म, वार्षिक माहितीचा एक, डायरेक्टरांचं केवायसी, सभा, सभांची इतिवृत्तं. आमच्या ऑफिसचे दर धरले तर पस्तीस. दुसरीकडे थोडं कमी-जास्त. फॉर्म उशिरा भरला तर एकेका फॉर्मला दिवसाला शंभर रुपये दंड."

"आणि त्या दुसरीला दंड न्हाई?"

"तिलाही आहे, आई. पण तिचे फॉर्म कमी. आणि आपल्याएवढ्या उलाढालीला ऑडिट लागत नाही."

फरशीवर मोज्यांची तिसरी रांग मोरीपर्यंत गेली होती. सनी तिच्याकडे बघत म्हणाला, "पण आई, इज्जत?"

"तिचे किती ठेवू?" सोजरबाईंनी पोत्यात हात घालून विचारलं.

भिवा मोठ्यानं हसले. सनीला ते लागलं. दीक्षाच्या लक्षात आलं आणि तिनं भावाची थोडी बाजू घेतली. "एक फायदा खरा आहे पण. आता धंद्यावर काही आलं, कुणी नुकसानभरपाई मागितली, तर ती आईवर येते. म्हणजे या घरावरसुद्धा. एलएलपी असो की प्रायव्हेट लिमिटेड, साधारण जेवढे घातले तेवढेच बुडतात. बँक कर्ज देताना आपल्या सह्या घेणारच, ते सोड. पण बाकीच्यांपासून घर वाचतं."

सोजरबाईंनी भिंतींकडे पाहिलं. या दोन खोल्यांचे हप्ते भिवांनी ओव्हरटाइम करून फेडले होते. सोजरबाईंनी मधल्या, एलएलपीच्या रांगेतला एक मोजा उचलला, मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तो सरळ करत बसल्या.

"पंधरा दिस हायेत ना?" त्या शेवटी म्हणाल्या. "तेवढे दिस तू कंपनी चालवून दाखव. हितंच, घरात. तू डायरेक्टर, मी डायरेक्टर. दीक्षा ऑडिटर. नियम सगळे खरे, दंड खरा. जमलं तर मी पंधरा मोजे काढून देते, वर्षाचे पस्तीस पण."

"आणि मी?" भिवांनी विचारलं.

"तुमी लिहायचं."

भिवा ताडकन उठले. माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी लाल कापडी पाठीचं एक कोरं रजिस्टर काढलं. निवृत्तीच्या दिवशी युनियनच्या ऑफिसातून ते "चुकून" सोबत आलं होतं. सहा वर्षं त्यांना कुणी कसलं इतिवृत्त लिहायला सांगितलं नव्हतं. त्यांनी तारीख घातली, खाली रेघ ओढली आणि पेनाचं टोपण दातात धरून सगळ्यांकडे पाहिलं. एवढे खूश ते मुलीच्या पहिल्या पगारालाही दिसले नव्हते.

सनीनं लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डाची सभा बोलावली. विषय होता, डायरेक्टरसाठी फिरती खुर्ची.

"बेकायदेशीर," भिवा म्हणाले. "सात दिवस आधी लेखी नोटीस."

"बाबा, आपण एकाच घरात राहतो."

"म्हणून काय झालं? पोचपावती घेईन मी."

सनीनं वहीच्या कागदावर नोटीस लिहिली. भिवांनी ती स्वतः स्वयंपाकघरात नेऊन सोजरबाईंना दिली, त्यांची सही घेतली आणि परत येऊन सनीला सांगितलं की पोचली.

तिसऱ्या दिवशी सनीनं नेहमीसारखे गल्ल्यातून पाचशे घेतले. संध्याकाळी दीक्षानं बिल मागितलं.

"डिझेल टाकलं. दोनशे वर राहिले, त्याचा चहा, वडापाव, असंच."

"डिझेलचं बिल?"

"मागितलं नाही."

"मग कंपनीनं तुला पाचशेचं कर्ज दिलं असं धरू? डायरेक्टरला कर्ज द्यायचं तर त्याचे नियम आणखी वेगळे आहेत हां."

"ताई, तू ऑफिसातला राग माझ्यावर काढतेस."

"ऑफिसात मी कुणाला एवढं समजावून सांगत नाही," दीक्षा म्हणाली, आणि ते खरं होतं.

पाचव्या दिवसापर्यंत सनीची खर्चाची पत्रकं तीन दिवस मागे पडली होती. दिवसाला शंभर, पत्रकं दोन, असा सहाशेचा दंड भिवांनी शाई बदलून, लाल अक्षरांत लिहिला. सनी पंपावर बिल मागायला लागला, टायरच्या पंक्चरवाल्याकडेही मागितलं. पंक्चरवाल्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर "पं. १, रु. १५०" लिहून सही ठोकून दिली. ऑडिटरनं ते नाराजीनं मंजूर केलं.

पण सनी काही साधा नव्हता. नियम आपल्याला लागू होतात तर दुसऱ्यालाही होत असतील, हे त्याला सातव्या दिवशी सुचलं. त्यानं गेल्या तीन महिन्यांची गल्ल्याची वही मागून घेतली, शेडच्या दारात पोत्यावर बसून पानन् पान वाचली, आणि आठव्या दिवशी, रीतसर नोटीस दिलेल्या सभेत, खुर्चीचा विषय बाजूला ठेवून उभा राहिला.

"अध्यक्षांच्या परवानगीनं," तो म्हणाला. "मागच्या दोन महिन्यांत 'इतर' या नावाखाली तीन वेळा दीड-दीड हजार गेलेत. सह्या आईच्या. बिल नाही."

सोजरबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"हे घरातलं हाय," त्या म्हणाल्या.

"वही धंद्याची आहे," दीक्षा हळूच म्हणाली. ऑडिटर कुणाच्याच बाजूची नव्हती.

भिवांनी चष्मा वर केला. एकोणतीस वर्षांच्या संसारात बायकोला कोंडीत पकडायची संधी त्यांना क्वचितच मिळाली होती. "डायरेक्टर सोजरबाईंनी खुलासा करावा," ते म्हणाले. "मी लिहून घेतोय."

सोजरबाई उठल्या. कपाटातल्या ठेवणीतल्या साडीखालून त्यांनी एक छोटं कार्ड काढलं आणि भाजीच्या ताटाशेजारी आपटलं. सनीनं ते उचललं. वाहन चालवण्याचा परवाना होता. फोटोत सोजरबाई कॅमेऱ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही त्यानंच गाडी आडवी घातली होती.

"भोसरीला क्लास लावला हुता," त्या म्हणाल्या. "सकाळी सात ते आठ. मशिन दाखवाया जाते म्हनून सांगायची तुमाला."

"तू गाडी चालवतेस?" सनीचा आवाज चिरका झाला.

"रिव्हर्सला जरा कच्ची हाय."

भिवा लिहायचं विसरले. दीक्षानं आईच्या हातातली मेथीची जुडी काढून घेतली, कारण चुरगळून ती आता निवडायच्या कामाची राहिली नव्हती.

"पण कशाला? मी आहे ना," सनी म्हणाला.

"आठला बोलावलं की साडेदहाला उगवतोस. ते एक. आन दुसरं..." सोजरबाईंनी परवाना त्याच्या हातातून परत घेतला. "उद्या तुला कुठं चांगली नोकरी लागली, निघून गेलास, तर पोती कोन नेणार? पाच बायांची चूल त्याच्यावर हाय."

"मी कुठं जाणारे?"

"सहा वर्षं झाली. पगार न्हाई, मागशील तसं देते. तू जाशील म्हनून मी गपचूप गाडी शिकले, आन तुला थांबवून ठेवायला काय करावं ते मात्र मला सुचलं न्हाई."

सनी खाली बसला. तो कार्डांच्या डबीकडे न बघता म्हणाला, "पोरगी बघायला गेलो होतो ना रहाटणीला, तिच्या मामानं विचारलं, काय करतो. म्हटलं, आईचा टेम्पो चालवतो. तो म्हणाला, म्हणजे ड्रायव्हर. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? माझं नाव कुठंच नाहीये, आई. टेम्पोवरसुद्धा तुझंच आहे."

सभा तिथंच संपली. इतिवृत्तात भिवांनी फक्त "खुलासा मान्य" एवढंच लिहिलं. दंडाचं लाल पान त्यांनी काही फाडलं नाही, नियम म्हणजे नियम.

अकराव्या दिवशी सनीनं मॅनेजिंग डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला. सकाळपासून बारा बिलं चिकटवून त्याच्या बोटांना डिंक लागला होता.

"राजीनामा बोर्डासमोर यायला लागतो," भिवा म्हणाले. "मग सरकारला फॉर्म. तीस दिवसांच्या आत. त्याचीही फी असते, दीक्षा म्हणते."

"बाबा, म्हणजे निघायलासुद्धा पैसे?"

"तोपर्यंत आजचं पत्रक दे."

तेराव्या दिवशी सकाळी आठला सनी शेडवर हजर होता. छोट्या हत्तीत चालवणाऱ्याच्या जागेवर सोजरबाई बसल्या होत्या, पाठीला उशी लावून. "बस शेजारी," त्या म्हणाल्या. "त्या मॅडमला भेटून येऊ."

"फोनवर सांगितलं तर चालणार नाही का?"

"खोटं तिथं जाऊन लिहिलंस ना?"

कुरुळी ते म्हाळुंगे हे अंतर सनीनं शेकडो वेळा कापलं होतं, पण दोन्ही हातांनी दरवाज्याचं हँडल धरून कधीच नाही. सोजरबाई गाडी सावकाश आणि अगदी मधोमध चालवत होत्या. मागून कंटेनरवाले हॉर्न देत होते. त्या प्रत्येकाला, तो ऐकू शकत नसतानाही, उत्तर देत होत्या. कंपनीच्या गेटवर गाडी रिव्हर्स लावायची वेळ आली तेव्हा त्या शांतपणे खाली उतरल्या आणि किल्ली सनीच्या हातात दिली.

खरेदी विभागात निशिगंधा सोजरबाईंना वाटली त्यापेक्षा तरुण निघाली. सोजरबाईंनी तोंड उघडलं, पण सनीनं आधी बोलून टाकलं.

"मॅडम, आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड नाही. धंदा आईच्या नावावर आहे. मी फॉर्ममध्ये चुकीचं भरलं. चुकून नाही, मुद्दाम. मी टेम्पो चालवतो."

निशिगंधानं त्याच्याकडे पाहिलं, मग सोजरबाईंकडे. "अहो, मालकी असती तरी चाललं असतं आम्हाला. जीएसटी आहे, उद्यम नोंदणी आहे, बस होतं. मी तो क्रमांक मागितला, कारण तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड लिहिलं होतं."

सनीला तिथल्या तिथे फरशीत गडप व्हावंसं वाटलं. सहाशे रुपये दंड, सात दिवसांची नोटीस, सिगारेटच्या पाकिटावरचं बिल, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"मग आता बदलून द्या की," सोजरबाई म्हणाल्या.

"बदलता येईल. पण फाइलवर खोटी माहिती दिल्याची नोंद होणार, मावशी, ती मला लपवता येणार नाही. पहिले तीन महिने दोनच हजार जोड्या देते. काम नीट झालं तर पुढं चार." मग ती थोडी हसली. "आणि तुम्ही धंद्याचा प्रकार बदलणार असाल तर आत्ताच ठरवा. दर महिन्याला फाइल बदलत नाही मी."

परतताना गाडी सनीनं चालवली. मोशी आली.

"मधली रांग," सोजरबाई म्हणाल्या.

"काय?"

"ती बाराची. घर वाचतं, ऑडिट न्हाई, आन दोघांची नावं लागतात त्याला. आकुर्डीला घे गाडी."

दीक्षाच्या ऑफिसात करारनामा लिहायला दुपार गेली, कारण हिस्स्यावर एकमत होईना. सनीनं चाळीस टक्के मागितले. सोजरबाईंनी दहा सांगितले, आणि दहा म्हणताना त्यांचा चेहरा साबणाच्या व्यापाऱ्याशी बोलताना होतो तसा झाला. सनीनं सहा वर्षांच्या फेऱ्या मोजून दाखवल्या. सोजरबाईंनी सहा वर्षांचे उशीर मोजून दाखवले. दीक्षाचे साहेब दोनदा केबिनमधून डोकावून गेले.

"पंचवीस," शेवटी सनी म्हणाला, "आणि आठ म्हणजे आठ."

"पंचवीस. पन भांडवल एक लाख हाय, त्यातले पंचवीस हजार तू आणायचे. माझ्याकडून उसने न्हाई."

सनीनं तिथंच खिशातला फोन काढून उलटा-पालटा केला. गेल्या वर्षी पस्तीस हजारांना घेतला होता, गेम खेळायला. दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या बाजारात त्याचे एकोणीस आले. उरलेले सहा हजार त्यानं एका मित्राच्या टेम्पोवर रविवारी फेऱ्या मारून जमवले आणि त्याची पावती दीक्षानं मागायच्या आधी दिली. भिवांनी आपलं पद काय, असं विचारलं. दीक्षानं सांगितलं की कायद्यानं एलएलपीला सभांची सक्ती नसते. ते ऐकून त्यांचा चेहरा असा पडला की सोजरबाईंनी महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा ठेवायचं करारनाम्यातच घालून घेतलं.

पहिलं नाव नामंजूर झालं, कुणाच्या तरी नावाशी मिळतंजुळतं होतं म्हणून. दुसरं मंजूर झालं. त्यात आणखी तीन आठवडे गेले. नोंदणीचा दाखला आला तेव्हा सनी शेडमध्ये ओल्या मोज्यांचं पोतं मशिनमधून बाहेर ओढत होता. दीक्षानं आईच्या फोनवर पाठवला होता. सोजरबाईंनी चष्मा लावून सगळा वाचला आणि मग फोन त्याच्यापुढे धरला. नियुक्त भागीदार, सनी भिवा ओव्हाळ. सनीनं ते मनात वाचलं, मग मोठ्यानं, मग मशिनवरच्या बायांना ऐकू जाईल असं.

एका बाईनं विचारलं, "म्हंजे आता सनीला साहेब म्हनायचं?"

सनी लाजला. पण नाही म्हणाला नाही.

"म्हना की," सोजरबाई म्हणाल्या. "साहेब, पोत्याचं दुसरं टोक धरा. पाणी गळतंय."